चिकन मांजराच्या ताटात, टॉरिन मोरीत

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांना एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूची लागण झाली होती, हे जानेवारीच्या सुरुवातीला तपासणी अहवालातून स्पष्ट झाले. खाद्य म्हणून दिलेल्या कच्च्या कोंबडीतून हा संसर्ग झाला असावा, असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. वाघ आणि मांजर एकाच कुळातले असल्याने आमच्या ओळखीत ज्यांच्या घरी मांजरे आहेत, त्या सर्वांनी कच्चे मांस देणे तत्काळ थांबवले. आम्हीही थांबवले. खामल्याच्या दुकानातून बोनलेस ब्रेस्ट आणायचे, दोन-तीनदा स्वच्छ धुवायचे, कुकरच्या तीन शिट्ट्या करायच्या, पाणी निथळून टाकायचे आणि पांढरेशुभ्र तुकडे बोटांनी सोडवून मनीला द्यायचे, असा आमचा नेम झाला.

तीन-चार महिन्यांनी लसीकरणासाठी तिला नेले असता डॉक्टरांनी आहाराची चौकशी केली. मी काहीशा अभिमानानेच हा नेम सांगितला. त्यांनी विचारले, "आणि उकडल्यावर जे पाणी उरते, त्याचे तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "मोरीत ओततो." ते म्हणाले, "मग टॉरिनही मोरीत जाते."

मनीची तपासणी ठीक निघाली; पण त्या एका वाक्यामागे बरेच काही दडलेले आहे आणि घरी मांजराचे जेवण करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवे.

टॉरिन म्हणजे काय?

एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर हे नाव अनेकांनी वाचले असेल. लॅटिनमध्ये 'टॉरस' म्हणजे बैल. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून हा पदार्थ प्रथम वेगळा काढला, म्हणून त्याला हे नाव मिळाले. या नावावरून पसरलेल्या सुरस कथांमध्ये तथ्य नाही. आज पेयांत आणि खाद्यांत घातले जाणारे टॉरिन कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होते.

टॉरिन हे गंधक असलेले एक अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा, असे आपण शाळेत शिकलो. टॉरिन मात्र विटेसारखे भिंतीत चिणले जात नाही. ते प्रथिनाचा भाग न होता पेशींमधील पाण्यात मोकळे विरघळून राहते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. भिंतीतली वीट पावसाने वाहून जात नाही, अंगणात मोकळी पडलेली साखर जाते.

शरीरात ते हृदयाचा स्नायू, डोळ्याचे दृष्टिपटल, मेंदू अशा सतत कामात असलेल्या ठिकाणी विशेष प्रमाणात आढळते, आणि स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या पित्तातही त्याची गरज असते.

मांजरालाच त्याची एवढी निकड का?

माणूस, कुत्रा, गाय, उंदीर हे सगळे प्राणी मेथिओनिन आणि सिस्टिन या दुसऱ्या दोन अमिनो आम्लांपासून कमीअधिक प्रमाणात टॉरिन स्वतः तयार करतात. मांजराच्या शरीरात या कामाची यंत्रे, म्हणजे त्यासाठी लागणारी विकरे, फारच मंद चालतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे पोट शिकारीवर भरले, त्याला आयते टॉरिन रोज मिळत होते.

दुसरी अडचण पित्ताची आहे. पित्तातील आम्ले आतड्यात सोडण्यापूर्वी यकृत त्यांना एक जोड लावते. ही जोड टॉरिनची असते किंवा ग्लायसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लाची. पूर्वी दूध काचेच्या बाटल्यांतून येत असे आणि रिकाम्या बाटल्या परत द्याव्या लागत, तसे हे पित्त वापरून झाल्यावर बहुतांशी शोषले जाऊन यकृताकडे परत जाते. पण प्रत्येक फेरीत काही बाटल्या फुटतात, कारण आतड्यातील जंतू टॉरिनचा काही भाग खाऊन टाकतात. टॉरिनच्या बाटल्या कमी पडल्या, तर माणसाचे शरीर ग्लायसिनच्या बाटल्या वापरते. मांजराला तो पर्याय नाही. आहारात टॉरिन असो वा नसो, पित्तामार्गे त्याची गळती चालूच राहते.

या गळतीचे परिणाम कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १९७५ मध्ये असे सिद्ध झाले की, ज्या मांजरांना प्रथिन म्हणून केवळ केसिन, म्हणजे दुधातले पनीर ज्यापासून बनते ते प्रथिन, दिले गेले, त्यांचे दृष्टिपटल झिजत गेले आणि त्याचे कारण टॉरिनची कमतरता हे होते. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, मांजरांमध्ये आढळणारा एक जीवघेणा हृदयविकार याच कमतरतेतून होत होता. त्यात हृदयाच्या भिंती पातळ होतात, हृदय फुग्यासारखे ताणले जाते आणि रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी होते. त्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. आपण 'हृदय फुगणे' म्हणू. आश्चर्याची गोष्ट अशी की, त्यातील अनेक मांजरे कंपन्यांचे तयार खाद्य खात होती, आणि टॉरिन दिल्यावर ज्यांचा जीव वाचला, त्यांचे हृदय पूर्ववत होऊ लागले. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिन वाढवले आणि हा आजार विरळ झाला. डोळ्यांचे तसे नाही. दृष्टिपटलाचा जो भाग मेला, तो परत येत नाही.

कोणत्या मांसात किती?

"आम्ही तर रोज चिकन देतो" या वाक्यात टॉरिनच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, कारण एकाच कोंबडीच्या दोन भागांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. कच्च्या ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे १८ मिलिग्रॅम टॉरिन असते. त्याच कोंबडीच्या मांडीच्या गडद मांसात काही मोजणींनुसार ८० च्या आसपास, तर काहींनुसार १७० मिलिग्रॅमपर्यंत.

असे का, याचे उत्तर कोंबडीच्या राहणीत आहे. ती दिवसभर चालते, उकरते, उभी राहते. उडते मात्र क्वचितच. दीर्घकाळ सावकाश काम करणारे स्नायू लालसर असतात आणि टॉरिन धरून ठेवतात. झटक्यात वापरले जाणारे स्नायू पांढरे असतात आणि त्यांत ते थोडेच असते. जन्मभर क्षणाचीही सुटी न घेणारा स्नायू म्हणजे हृदय, आणि म्हणूनच कोंबडीच्या हृदयात ते १०० ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमच्या वर जाते. कोंबडीची कलेजीही त्याच पातळीवर, ११० च्या आसपास असते. कच्च्या मेंढीच्या मांसात ते सुमारे ४७ आणि मेंढीच्या गुर्द्यात २४ मिलिग्रॅम मोजले गेले आहे; म्हणजे अवयव म्हटला की टॉरिन भरपूर, हा समजही खरा नाही. कोळंबी, म्हणजे आपले झिंगे, चाळीसच्या घरात येतात. शिंपल्यांमध्ये ते कित्येक पटींनी अधिक, शेकड्यांमध्ये असते, पण नागपुरात रोज शिंपले कोण आणणार!

परदेशी पाककृतींमध्ये गायी-बैलाचे हृदय हा टॉरिनचा हुकमी स्रोत म्हणून सांगितलेला असतो. महाराष्ट्रात तो मार्ग बंद आहे आणि त्यासाठी हळहळण्याचेही कारण नाही, कारण ते हृदय या बाबतीत कोंबडीच्या मांडीपेक्षा सरस नाही. आपल्याकडे कोणत्याही चिकनच्या दुकानात पोटा-कलेजीच्या ढिगात ती लहान, शंकूच्या आकाराची, टोकाशी पिवळसर चरबी असलेली हृदये मिसळलेली असतात. दुकानदाराला आधी सांगून ठेवले, तर तो वेगळी काढून देतो. आमचा दुकानदार पहिल्या दिवशी हसला. आता न सांगता पुडी बांधून ठेवतो.

दुधात टॉरिन नगण्य, अंड्यात जवळजवळ नाहीच, आणि भात, पोळी, डाळ, भाजी, सोयाबीन यांत अजिबात नाही.

उकडलेल्या पाण्याचा हिशेब

आता मोरीकडे वळू. टॉरिन उष्णतेने सहसा नष्ट होत नाही, ते पाण्यात उतरते. डेव्हिसच्याच पशुवैद्यकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कोंबडीच्या मांसातील टॉरिन १०० ग्रॅममागे सुमारे ३४ मिलिग्रॅमवरून उकडल्यावर ८ वर आले. मेंढीच्या मांसातील ४७ वरून १३ वर. भट्टीत भाजलेल्या त्याच मांसात ते अनुक्रमे २३ आणि २६ राहिले. उकडताना मांस आक्रसून वजनाने हलके होते, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्ष घट या आकड्यांवरून दिसते त्याहूनही मोठी आहे.

चहा उकळून गाळायचा, चहा मोरीत ओतायचा आणि चोथा पाहुण्यांपुढे ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

चार किलोचे मांजर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम शुष्क अन्न खाते. शुष्क म्हणजे अन्नातील सगळे पाणी वजा केल्यावर जे उरते ते. तयार मांजरखाद्यासाठी अमेरिकेत पाळले जाणारे किमान प्रमाण कोरड्या दाण्यांत शुष्क भागाच्या ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के आहे. डब्यात ते दुप्पट ठेवतात, कारण डबा बंद करून उच्च उष्णतेवर शिजवलेल्या अन्नामुळे आतड्यातील जंतूंकडून टॉरिनची नासाडी वाढते. या हिशेबाने दिवसाला कमीत कमी ५० ते ६० मिलिग्रॅम आणि सुरक्षिततेसाठी शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम मिळावे, असे धरू.

दीडशे ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये मुळात २७ मिलिग्रॅम. पाणी फेकले की त्यातले सात-आठ उरणार. मनी अनेक महिने याच सात-आठ मिलिग्रॅमवर होती, हे कागदावर मांडले तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. दीडशे ग्रॅम मांडीच्या मांसात किमान १२०. पाण्यासकट दिले तर जवळपास तेवढेच पोटात जाते, पाणी फेकले तर तीसेक.

पाणी फक्त कुकरमध्येच सुटते असे नाही. मांस धुण्यापूर्वी बारीक चिरले किंवा खिमा करून नळाखाली धरला, की तिथूनच गळती सुरू होते. फ्रीजरमधून काढलेल्या पिशवीत जे लालसर पाणी साचते, त्यातही टॉरिन असते. म्हणून मांस मोठ्या तुकड्यात एकदाच धुवावे, गोठवलेले असेल तर शिजवायच्या भांड्यातच, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे, अगदी थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी मांसात कालवून द्यावे. शिजवलेले पाणी आटवून घट्ट केले तरी चालते; वाफेबरोबर टॉरिन उडून जात नाही.

"मग आमच्याच रश्श्यातले चार चमचे देतो की!"

हे मात्र करू नये. सावजी रश्श्याची कीर्ती कितीही असो, त्यातील कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि त्यातून गंभीर रक्तक्षय होऊ शकतो. वाळवलेला, भाजलेला किंवा वाटणात विरघळलेला कांदाही तितकाच घातक असतो. मांजराचे पातेले मीठ-मसाला पडण्याआधी वेगळे काढावे.

"कलेजीत भरपूर आहे ना? मग रोज कलेजीच देऊ."

आकड्यांचे तक्ते वाचून काढला जाणारा हा सर्वांत धोकादायक निष्कर्ष आहे. यकृत हे 'अ' जीवनसत्त्वाचे कोठार असते. ते जीवनसत्त्व पाण्याबरोबर बाहेर जात नाही, शरीरात साठत जाते. महिनोन्‌महिने प्रामुख्याने कलेजीवर वाढवलेल्या मांजरांच्या मानेच्या मणक्यांवर हाडांची वाढ होते, मणके एकमेकांना चिकटतात आणि मान वळवणे, अंग चाटून स्वच्छ करणे या साध्या क्रियाही अशक्य होतात. मांजराला कलेजी इतकी आवडते की पुढे ते दुसरे काही खायलाच तयार होत नाही, हा आणखी एक फास. एकूण आहाराच्या वीसाव्या भागाइतकी कलेजी पुरे. टॉरिनची भरती मांडीच्या मांसाने आणि हृदयाने करावी.

टॉरिनच्या मागे लागून कॅल्शियम विसरणे ही त्याच जातीची चूक आहे. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. त्यावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडे इतकी पोकळ होतात की ओट्यावरून उडी मारताना मोडतात. ती कमतरता हृदय फुगण्यापेक्षा लवकर दिसते.

"आमच्या आजोळी मांजरे दूधपोळीवरच जगली"

जगली, आणि त्यात खोटे काही नाही. पण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात दूधपोळी हा त्या मांजराचा नाश्ता होता. जेवण ते माळ्यावर, गोदामात आणि रात्री कौलांवर स्वतः मिळवत असे. उंदीर हृदय, मेंदू, आतडी आणि स्नायूंसकट अख्खा खाल्ला जातो आणि टॉरिनच्या बाबतीत मांजरासाठी त्याहून सोयीचे पाकीट नाही. मनीष नगरच्या चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या बाल्कनीत राहणाऱ्या मांजराला ती सोय नाही. पाल सापडलीच तर घरात आरडाओरडा होतो.

शिवाय, 'जगली' म्हणजे किती वर्षे आणि कशी, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. टॉरिनची कमतरता दोन दिवसांत दिसत नाही. दृष्टिपटल झिजायला कित्येक महिने ते वर्षे लागतात आणि मांजर मिशा व कानांच्या भरवशावर ओळखीच्या घरात इतके सफाईने वावरते की ते आंधळे झाले आहे हे पलंगाची जागा बदलल्यावर कळते. कमतरता असलेल्या मादीची पिल्ले मेलेली किंवा खुरटलेली जन्मतात. ते खापर बहुधा दृष्ट लागण्यावर किंवा नशिबावर फुटले असेल.

"एवढेच असेल तर कच्चे दिलेले काय वाईट?"

टॉरिनपुरता विचार केला तर कच्चे मांस उजवे ठरते. पण गोरेवाड्याची घटना आठवावी. सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत आतून पूर्ण शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. साल्मोनेलासारखे जंतू तर बारमाही असतात आणि मे महिन्यातल्या नागपुरात वाटीत उघडे ठेवलेले कच्चे मांस किती लवकर नासते, हे सांगायला नको. शिजवून पाणी राखल्याने दोन्ही गोष्टी साधत असताना हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

"वरून पावडर घालायची, तर मग घरचे जेवण कसले?"

हा आक्षेप मला समजतो, पण पटत नाही. वर दिलेले आकडे सरासरीचे आहेत. कोंबडीची जात, वय, कापणीचा भाग, धुण्याची तऱ्हा, कुकरमधले पाणी यांमुळे तुमच्या पातेल्यातला आकडा त्याच्या निम्मा किंवा दुप्पट असू शकतो आणि तो घरी मोजण्याचा उपाय नाही. अशा वेळी शुद्ध टॉरिनची पावडर थोडी जास्तच घालून निश्चिंत होणे शहाणपणाचे आहे, कारण जास्तीचे टॉरिन मूत्रावाटे निघून जाते. मात्रा पशुवैद्यांनी वजन आणि आहार पाहून ठरवावी. शाकाहारी घरांतील मंडळींना विशेषतः सांगायचे, तर कारखान्यातील टॉरिन कोणत्याही प्राण्यापासून काढलेले नसते. मात्र टॉरिन घातले म्हणून पोळी-पनीर हा मांजराचा आहार होत नाही. त्याला मांसातूनच मिळणारी आणखीही द्रव्ये लागतात. आणि एनर्जी ड्रिंक मांजराला कधीही देऊ नये, त्यातील कॅफिन त्याच्यासाठी विष आहे.

कुत्र्यांचे काय?

कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते वेगळे असावे असा सर्वसाधारण नियम नाही. गोल्डन रिट्रीव्हर, अमेरिकन कॉकर स्पॅनियल, न्यूफाउंडलंड अशा काही जातींमध्ये मात्र टॉरिनची कमतरता आणि हृदय फुगणे यांचा संबंध आढळला आहे. २०१८ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसूर अशा डाळींचे प्रमाण जास्त असलेल्या श्वानखाद्यांबाबत सावधगिरीची सूचना काढली आणि जगभर खळबळ उडाली. त्यातील अनेक आजारी कुत्र्यांचे टॉरिन ठीक होते आणि कारणाचा छडा पूर्ण लागला नाही. तेव्हा वरणभातावर वाढणाऱ्या घरच्या कुत्र्याबद्दल त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण त्याच्या ताटात प्राणिज प्रथिन पुरेसे आहे का, हे जरूर पाहावे.

डॉक्टरांकडे जाताना

टॉरिनची पातळी रक्ततपासणीतून कळते आणि हृदयाची स्थिती सोनोग्राफीतून. पण या दोन्हींच्या आधी डॉक्टरांना उपयोगी पडते ती घरातली माहिती, आणि ती आपण "चिकन देतो" या दोन शब्दांत आटोपतो. मी आता फ्रीजवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर रोजचे कच्चे वजन, कोणता भाग, किती हृदये, कलेजी कोणत्या वारी, पाणी कालवले की नाही आणि पावडर कधी घातली, हे लिहिलेले असते. मनीला ब्रेस्ट अजूनही मिळते, रविवारी, आमच्यासाठी आणलेल्यातले चार तुकडे.